वरच्या पेठेचं शिळं पाणी

माणदऱ्यात पाण्याचा दिवस उजाडला की बायका आधी घरातलं पाणी ओतून देत. पिंपातलं, हंड्यातलं, माठातलं, परवा भरून झाकून ठेवलेलं चांगलं स्वच्छ पाणी. त्यात खोट काही नसे. ते शिळं झालेलं असे, एवढंच. नळाला ताजं येणार असताना घरात शिळं ठेवायचं, ही गोष्ट माणदऱ्यातल्या कोणत्याही बाईच्या गळी उतरली नसती. नळाला पहिली धार लागायच्या आत भांडी पालथी होत, घासली जात आणि अंगणाअंगणातून ओहोळ गटारीकडे धावत. पाणी पुरत नाही म्हणून नगरपालिकेच्या नावानं बोटं मोडायची ती मोडायचीच, आणि शिळं ओतायचं ते ओतायचंच. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही येत नसे.

सारिका मानेच्याही मनात कधी आलं नव्हतं. ती तर वरच्या पेठेची पाणीसखी होती. म्हणजे पाण्याबद्दल पेठेचं म्हणणं नगरपालिकेला सांगायचं आणि नगरपालिकेचं म्हणणं पेठेला, असं दोन्हीकडून बोलणी खायचं काम.

माणदरे टेकडीच्या उतारावर वसलेलं गाव. टेकडीच्या माथ्यावर पाण्याची टाकी, टाकीच्या पायथ्याशी वरची पेठ, आणि उतरत उतरत ओढ्याला टेकलं की तळवाट. सारिकाची थोरली बहीण मनीषा, म्हणजे आक्का, तळवाटेत दिली होती. एकीच्या दारातून निघून दुसरीच्या दारात जायला फारसा वेळ लागत नसे. पण पाण्यापुरतं बोलायचं तर आक्का दुसऱ्याच मुलखात नांदत होती. पेठेत नळ धो धो वाहायचे तेव्हा तळवाटेतल्या तोट्या नुसत्या फुसफुसायच्या, आणि तळवाटेच्या बाया टँकरच्या पाइपाला झोंबायच्या.

तेव्हा बबन चावीवाला होता. लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो गावभर फिरायचा आणि एकेका भागाचं पाणी सोडायचा. पेठेला पहाटे, बाजाराला सकाळी, पुढच्या आळ्यांना त्याच्या लहरीप्रमाणे. त्याला चहा पाजला की पाणी थोडं जास्त वेळ चालायचं. नाही पाजला तर शिव्या घालता यायच्या, आणि बबन त्या हसत हसत ऐकून घ्यायचा. गावाचा निम्मा राग त्या एका माणसावर निघून जात असे.

मग समदाब आला.

नगरपालिकेचे पाणी-अभियंता फैयाज मुल्ला यांनी तो सगळ्या पाणीसख्यांना बसवून समजावून सांगितला होता. मुल्लासाहेब मृदू स्वभावाचे, आणि यंत्राबद्दल बोलायला लागले की त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलाचा आनंद यायचा.

"आजवर आपण गावाचे तुकडे करून पाणी दिलं," ते म्हणाले. "पण पाइप तुकड्यातुकड्यांत जगत नाही, ताई. सगळं गाव मिळून एकच अंग आहे. वर कुणी नळ सोडला की त्याचा परिणाम खाली ओढ्यापर्यंत जातो. आता प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी आपोआप फिरणारा व्हॉल्व्ह बसवलाय. त्याच्यात दाब मोजायचं यंत्र आहे. हे सगळे व्हॉल्व्ह एकमेकांशी बोलतात. टाकीजवळचे जरासेच उघडतात, लांबचे पूर्ण उघडतात. कुठं दाब वाढला की सगळे मिळून स्वतःला थोडं थोडं सावरून घेतात. त्यामुळे टाकीखालच्या घरात जेवढा दाब, तेवढाच ओढ्याकाठच्या घरात. अट एकच. पाणी सगळ्या गावाला एकाच वेळी सोडायचं. भागाभागानं सोडलं की हा समतोल मोडला."

तळवाटेचा यावर विश्वास बसेना. समदाबात यायचं तर टँकरवरचा हक्क सोडायचा होता, आणि दर गल्लीच्या पाणीसखीनं तसा अंगठा द्यायचा होता. तळवाटेची पाणीसखी आक्काच होती. सारिका तिच्या दारात जाऊन बसली आणि तिनं बहिणीला पटवलं.

"आणि न्हाई आलं पाणी, तर ह्या बाया मला उभी चिरतील," आक्का म्हणाली.

"त्यांना मला चिरायला पाठव," सारिका म्हणाली. आक्का हसली आणि तिनं अंगठा दिला.

पहिल्या दिवशी सकाळी सारिकाचा फोन वाजला. पलीकडून आधी नुसता पाण्याचा आवाज आला, मग आक्काचा. "सारे, आलं गं! बादलीबाहेर उडतंय! तनूला म्हनलं, तू बस, तू वाकू नगंस, पर ती ऐकतीया व्हय? नळाखाली हात धरून हुबी हाय!" तनू म्हणजे तनिष्का, आक्काची सून. लग्नाला वर्ष व्हायचं होतं आणि तिला नुकतेच दिवस गेले होते. तळवाटेनं नळाला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. सारिकाला त्या दिवशी फार आनंद झाला. आपल्या हातून आयुष्यात एक तरी धड काम झालं असं तिला वाटलं.

बबनची चावी गेली. त्याला नगरपालिकेनं बागेवर नेमलं.

पावसाळा लागला तसे आक्काचे फोन वेगळ्या सुरात यायला लागले. तळवाटेच्या मधोमध गटाराचं मोठं चेंबर होतं. पाण्याच्या दिवशी त्याचं झाकण उचललं जायचं आणि घाण दारादारांत पसरायची. सगळ्यांना वाटलं पावसानं होत असेल. पण उघडीप पडली तरी थांबेना, आणि मधल्या कोरड्या दिवशी मात्र चेंबर शांत असायचं.

सारिका मुल्लासाहेबांकडे गेली. त्यांनी संगणकाच्या पडद्यावर रेषा दाखवली. सकाळी नळ सुटायच्या जरा आधी गटारीतला लोंढा एकदम उभा चढत होता, सरळ वर.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"मीही आठवडाभर हेच शोधत होतो," मुल्लासाहेब म्हणाले. "शेवटी घरी आमच्या अम्मीला पिंप पालथं करताना पाहिलं. शिळं पाणी आहे हे, सारिकाताई. सगळ्या गावाचं."

मग त्यांनी सावकाश उलगडून सांगितलं. आधी बबन वेगवेगळ्या वेळी पाणी सोडायचा, म्हणून गावही वेगवेगळ्या वेळी शिळं ओतायचं. जुन्या गटाराला ते थोडं थोडं पचायचं. आता सगळ्यांना एकदम पाणी, म्हणून सगळ्यांचं एकदम ओतणं. तो सगळा लोंढा उतारानं तळवाटेत जमा होतो. बबनच्या लहरी कारभारानंच तळवाट आजवर बुडायची वाचली होती, आणि हे त्या बिचाऱ्यालाही माहीत नव्हतं.

"आणि खरा धोका घाणीच्या वासाचा नाही," ते पुढं म्हणाले. "तळवाटेत नळाचे पाइप गटारीला आडवे जातात. जुने आहेत, बारीक चिरा आहेत. पाणी चालू असतं तेव्हा आतला दाब घाणीला बाहेर ठेवतो. पण लोंढ्यानं तुंबलेली घाण ओसरायच्या आधीच नळ बंद झालेले असतात. पाइप रिकामा असतो, आणि बाहेर घाण तुंबलेली असते. ती आत झिरपते. पुढच्या खेपेला नळाला जे येतं ते डोळ्यांना स्वच्छ दिसतं."

"मग गटार मोठं करा."

"प्रस्ताव पाठवलाय. वर्षं लागतील."

"मग तळवाटेला वेगळ्या वेळी सोडा."

"एका गल्लीसाठी सगळी मुख्य वाहिनी भरावी लागते, ताई. निम्मं पाणी वाटेतच गळून जाईल. शेवटच्या घराला परत फुसफूसच." त्यांनी पडद्यावरून नजर काढली. "उपाय एकच आहे आणि तो फुकटचा आहे. निम्म्या घरांनी जरी शिळं पाणी ओतलं नाही, तरी चेंबर उचलणार नाही. समदाब हे सांगू शकतो. करू शकत नाही."

सारिकानं पदर खोचला. मारुतीच्या देवळात बायकांची बैठक घेतली, घरोघर हिंडली. झाकलेलं पाणी दोन दिवसांत खराब होत नाही हे तिनं इतक्यांदा सांगितलं की तिचं तिलाच हसू यायला लागलं. पलीकडच्या घरच्या आशाकाकू म्हणाल्या, "अगं, माझ्या एका पिंपानं त्या तळवाटेचं काय होणार आहे?" पुढच्या घरी तेच ऐकायला मिळालं, त्याच्या पुढच्या घरीही तेच, आणि यातल्या कुणाचंच म्हणणं खोटं नव्हतं. एका पिंपानं खरोखरच काही होत नव्हतं.

तरी श्रावणात जमलं. समदाबनं सगळ्यांच्या फोनवर गावाची रेषा दाखवायला सुरुवात केली, आणि ती हिरवी ठेवायची गल्लीगल्लीत चुरस लागली. शिळं पाणी झाडांना जायला लागलं, फरशीला जायला लागलं. खुद्द सारिकाच्या सासूबाई, मंगलबाई, "काय बाई एकेक थेरं," असं पुटपुटत का होईना, पिंपावर झाकण ठेवायला लागल्या. तळवाटेचं चेंबर निपचित पडलं. आक्का फोनवर म्हणाली, "तुज्या पेठंच्या बायांस्नी सांग, त्यांच्या पायाचं तीर्थ घ्यायला येते." सारिका भरून पावली. माणसं ऐकतात, फक्त सांगणारं कुणी हवं, असं ती त्या महिन्यात चारचौघांत बोलूनही गेली.

आणि नवरात्र आलं.

घट बसायच्या आत घरातलं अंथरूण-पांघरूण सगळं धुऊन काढायचं, ही माणदऱ्याची रीत. गोधड्या, चादरी, पडदे, उशांचे अभ्रे, धान्याची पोतीसुद्धा. घटस्थापनेआधीचा तो शेवटचा पाण्याचा दिवस होता. पहाटेच सासूबाईंनी पिंप आडवं केलेलं सारिकानं पाहिलं.

"आई, आज नको. निम्मं आज करू, निम्मं पुढच्या खेपेला."

"पुढच्या खेपेला घट बसलेले असतील. विटाळलेल्या अंथरुणांच्या घरात देवी बसवू का?"

"तळवाटेत चेंबर—"

"वर्षातून एकदा असतं गं सारिका," सासूबाई म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या, समजूत घालत होत्या. "इतके दिवस तुझं ऐकलं ना? एक दिवस देवीचं ऐकू."

सारिका तशीच गल्लीत धावली. आशाकाकूंच्या अंगणात गोधड्यांचा ढीग, त्याच्या पुढच्या घरी ढीग, त्याच्याही पुढे. सगळ्यांनी तिला प्रेमानं तेच सांगितलं. वर्षातून एकदाच. हातातल्या फोनवर समदाबनं अंदाजानं काढलेली उद्या-परवाचीही रेषा दिसत होती; आजची लाल होऊन वर निघाली होती. यंत्राला सगळं दिसत होतं. तिलाही दिसत होतं.

तिनं आक्काला फोन लावला. आक्काचा आवाज आनंदानं फुटत होता. "काय सांगू सारे, यंदा पयल्यांदा नळाच्या पाण्यानं धुनी काढतीया. जल्मभर वढ्याच्या गढूळात धुतली. तनूला पिढ्यावर बसवलंय, नुसती बगत बस म्हनलं."

"आक्का, चेंबरकडं लक्ष ठेव. आणि पुढचे चार-सहा दिवस पाणी उकळून प्या. सगळं. तनूला तर अजिबात—"

"व्हय, व्हय," आक्का म्हणाली, आणि मागं कुणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवला.

सारिका घरी आली तेव्हा सासूबाई एकट्याच ओली गोधडी उचलायचा प्रयत्न करत होत्या. त्यांच्या कमरेचं दुखणं जुनं. सारिकानं गोधडीचं दुसरं टोक धरलं आणि दोघींनी मिळून ती पिळली. पाणी मोरीतून वाहत गेलं.

तळवाटेचं चेंबर त्या दिवशी उचललं ते दुसऱ्या दिवशीपर्यंत खाली बसलं नाही. बायांनी दारं धुतली, जंतुनाशक पावडर टाकली, घट बसवले. पाणीही उकळलं. पण उकळायचं ते पिण्याचं. चूळ भरायचं, भाजी धुवायचं, उसाच्या गुऱ्हाळावरून आलेल्या माणसानं घाईनं तोटीला ओंजळ लावून प्यायचं, ते कोण उकळणार?

कावीळ लगेच दिसत नाही. नवरात्र झालं, दसरा झाला. दिवाळीच्या तोंडावर तळवाटेत एकेकाचे डोळे पिवळे व्हायला लागले. बहुतेक जण पडून राहिले आणि उठले. तनूला सातवा सरून आठवा लागला होता.

जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी बाहेर येऊन सांगितलं की दूषित पाण्याची ही कावीळ इतरांना सोडून देते, पण पोटुशा बाईला सोडेलच असं नाही. आक्का तेव्हा भिंतीला टेकून बसली होती. आक्काचा मुलगा ओंकार चाकणहून धावत आला होता आणि त्याला कुठं उभं राहावं ते कळत नव्हतं. सारिका आक्काचा हात धरून बसली.

तनू वाचली. बाळ वाचलं नाही.

त्यानंतर समदाबनं सूचना दिली. तळवाटेच्या पाइपात घाण शिरण्याची शक्यता मर्यादेबाहेर गेली होती, म्हणून गटाराचं नवं काम होईपर्यंत तळवाटेचा व्हॉल्व्ह बंद ठेवावा. टँकर सुरू होईल. बंद करण्यासाठी गल्लीच्या पाणीसखीची संमती लागणार होती. तेवढा मान यंत्रानं माणसांना ठेवला होता.

मुल्लासाहेबांनी सारिकाला सोबत यायची विनंती केली. "माझा एकट्याचा पाय उचलत नाही," ते म्हणाले.

आक्का ओसरीवर बसली होती. आतल्या खोलीत तनू भिंतीकडे तोंड करून पडली होती. मुल्लासाहेबांनी सगळं सांगितलं. आक्कानं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग ती म्हणाली, "सायेब, घान वरनं येती. मग नळ खालचा का बंद?"

"कारण धोका खाली आहे, आक्का."

"वरच्यांचा बंद करा की."

"कुणाचा करू?" मुल्लासाहेबांचा आवाज अगदी बारीक झाला. "एका घराचा केला तर काही फरक पडत नाही. सगळ्यांचा केला तर सगळं गाव तहानेलं राहील. हे कुणा एकानं केलेलं नाही."

"म्हंजी दोष कुनाचाच न्हाई."

"नाही."

"आदी बबन व्हता," आक्का म्हणाली. "त्याला दारात हुबा करून चार शिव्या तरी घातल्या असत्या. आता म्या भांडू कुनाशी?"

आक्का सारिकाकडे वळली. तिच्या नजरेत राग नव्हता, आणि राग असता तर बरं झालं असतं असं सारिकाला वाटलं.

"सारे, त्या दिवशी तू धुनी धुतलीस?"

"धुतली, आक्का."

"म्या बी धुतली," आक्का म्हणाली. थोडा वेळ ती आपल्या तळहातांकडे बघत राहिली. मग तिनं मुल्लासाहेबांच्या हातातल्या टॅबचा पडदा जवळ ओढला आणि अंगठा टेकवला. गल्लीच्या तोंडाशी जमिनीखाली कुठंतरी व्हॉल्व्ह फिरला असेल. वर काहीच ऐकू आलं नाही.

सारिकानं पाणीसखीचं काम सोडायचं ठरवलं, मग सोडलं नाही. सोडून काय झालं असतं? ती पुन्हा देवळात बैठका घ्यायला लागली. आता बायका तिचं फार मन लावून ऐकत. तनूची गोष्ट गावभर झाली होती, कितीतरी जणींच्या डोळ्यांत पाणी यायचं. आशाकाकूंनी तर तनूसाठी डिंकाचे लाडू करून पाठवले. समदाबची रेषा बरेच दिवस हिरवी राहिली. पण व्हॉल्व्ह उघडायला नुसती हिरवी रेषा पुरत नव्हती. ती पुन्हा कधीच लाल होणार नाही याची खात्री यंत्राला हवी होती, आणि तशी खात्री वरच्या पेठेची पाणीसखीही देऊ शकत नव्हती. तिनं आपल्या सासूला ओळखलं होतं. स्वतःलाही ओळखलं होतं.

मार्गशीर्षातल्या एका पाण्याच्या दिवशी ती स्वयंपाकघरात होती. परसात नळाला पाणी आलं आणि सासूबाईंची हाक आली.

"सारिका, धार बघ गं! हल्ली किती जोरात येतंय."

ती बाहेर आली. खरंच धार मोठी होती. पिंपाच्या तळावर पाणी दणादण आपटत होतं. तिनं सवयीनं फोन पाहिला. सगळ्या चालू गल्ल्यांत दाब सारखा, असं समदाबनं लिहिलं होतं. ते खरं होतं. तळवाट आता चालू गल्ल्यांत नव्हती, आणि तिच्या वाट्याचं पाणी समदाबनं बाकीच्या सगळ्यांना अगदी सारखं वाटून दिलं होतं.

सारिकानं झटकन पुढं होऊन नळ बंद केला. सासूबाई बघत राहिल्या. ती तोटीवर हात दाबून तशीच उभी राहिली. खाली आक्का या वेळी टँकरच्या रांगेत उभी असेल. हा नळ बंद ठेवला, तरी यातला एक थेंब तिच्यापर्यंत पोचणार नव्हता. समदाब तो लगेच शेजारच्या घरांना वाटून देईल, आणि आशाकाकूंच्या नळाची धार किंचित वाढेल. तिला ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ओरडायचं तेच तिला कळेना.

"काय झालं गं?" सासूबाईंनी घाबरून विचारलं.

"काही नाही," सारिका म्हणाली. तिनं नळ पुन्हा सोडला, आणि पिंप भरल्यावर त्याच्या जागी कळशी लावली.